तरुण मुके झाले, जबाबदार कोण?

आजच्या पोरांना बोलता येत नाही, चार ओळी धड लिहिता येत नाहीत, ही तक्रार आता लग्नाच्या मांडवापासून विहाराच्या पायरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मास्तर म्हणतात, पोरं वाचत नाहीत. कंपनीवाले म्हणतात, पोरांकडे 'कम्युनिकेशन' नाही. घरातली माणसे म्हणतात, हाक मारली तरी मान वर करत नाही. आणि मग सगळे मिळून एका आवाजात निकाल देतात, मोबाईलने वाटोळे केले! आरोपी सापडला, गुन्हा शाबीत झाला, खटला निकाली निघाला. आम्ही वकिलीच्या व्यवसायात आहोत. हाताला लागेल त्याला आत टाकायचे आणि तपासाची फाईल बंद करायची, ही रीत आम्हाला चांगली ठाऊक आहे. अशा तपासात खरा गुन्हेगार कधी सापडत नाही. उलट तोच फिर्यादी होऊन पुढे उभा राहतो.

तेव्हा बांधवांनो, हा तपास आपणच करू.

'प्रथम' या संस्थेची 'असर' नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यापाड्यांत होते. पाचवीत शिकणाऱ्या मुलासमोर दुसरीच्या पुस्तकातल्यासारखा सोपा उतारा ठेवायचा आणि वाच म्हणायचे, एवढी साधी ती परीक्षा. २०१० साली असा उतारा वाचू शकणारी मुले देशात शेकडा ५३.७ होती. दोनच वर्षांत, २०१२ साली, ती ४६.८ वर आली. आता सांगा, २०१२ साली खेड्यातल्या पाचवीच्या पोराच्या हातात कुठला स्मार्टफोन होता? स्वस्त इंटरनेट घेऊन जिओ बाजारात आले ते २०१६ साली. म्हणजे घर आधीच कोसळत होते, मोबाईल नंतर आत शिरला. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ साली हाच आकडा ४२.८ पर्यंत घसरला. २०२४ मध्ये तो काहीसा सावरला, तरी निम्म्यालाही पोहोचलेला नाही. याच संस्थेने २०२३ साली २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांची मुले पाहिली. चारातल्या एकाला स्वतःच्या प्रांतभाषेतला दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही. हीच मुले आज मतदार आहेत, उद्या आईबाप होणार आहेत.

मोबाईल अगदीच निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. तो साथीदार आहे. सूत्रधार वेगळे आहेत.

हा विषय आम्ही लोणी भापकरच्या निमित्ताने मांडतो आहोत, त्याला कारण आहे. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाने, एमआयडीसी आणि मोठमोठी कॉलेजे येतात. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चे, विद्या प्रतिष्ठान १९७२ चे. पुणे जिल्ह्याबाहेरची मुलेही इथे शिकायला येतात. पण याच तालुक्याला दुसरा चेहरा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे जाते तो बागायत पट्टा वेगळा, आणि लोणी भापकर, मोरगाव, सुपे या बाजूचा जिरायत पट्टा वेगळा. लोणी भापकरचे नाव लोकांना ठाऊक असते ते मल्लिकार्जुनाच्या देवळामुळे, तिथल्या पुष्करणीमुळे आणि यज्ञवराहाच्या शिल्पामुळे. अभ्यासक येतात, दगडावरची एकेक रेघ वाचतात, फोटो काढतात आणि जातात. गावात राहणारी पोरे काय वाचतात, हे विचारायला कोणी येत नाही. कालव्याचे पाणी जसे या वरच्या अंगाला चढले नाही, तसेच बारामतीच्या शिक्षणाचे झाले आहे. पोरगा एसटीने बारामतीला जातो, बी.ए. किंवा बी.कॉम. होतो, पदवीचा कागद घेऊन परत येतो आणि सरकारी कार्यालयाच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्याला शोधत फिरतो.

अशा पोराला काय किंमत मोजावी लागते, ते आम्ही रोज पाहतो. याच जिरायत पट्ट्यातला एक पदवीधर तरुण मारहाणीची तक्रार घेऊन आमच्याकडे आला होता. गावाचे आणि त्याचे नाव सांगत नाही. सोबत त्याची आजी होती. आम्ही त्याला कोरा कागद दिला आणि म्हणालो, काय घडले ते तुझ्या शब्दांत लिही. अर्ध्या तासाने त्याने कागद परत दिला. वर 'विषय : न्याय मिळणेबाबत', खाली 'वरील विषयास अनुसरून विनंती करतो की', मग 'मला जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण करण्यात आली', आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती'. पंधरा वर्षांच्या शिक्षणाने त्याला एवढेच दिले होते. अर्जाचा सांगाडा बिनचूक, आत माणूस नाही. आम्ही म्हणालो, बरे, तोंडी सांग. तो म्हणाला, "सर, म्हणजे ते आले, आणि मग तसं झालं." कुठे झाले? "तिथंच." कोण होते? "होती सगळी." आणि खिशातून मोबाईल काढून त्याने सुजलेल्या दंडाचा फोटो पुढे धरला.

शेवटी आजीला राहवले नाही. तिने आयुष्यात शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. ती म्हणाली, "थांबा वकीलसाहेब, म्या सांगते. दिस बुडायला आला व्हता, दिवं लागलं नव्हतं. ह्यो टाकीवरनं पाण्याचा ड्रम घिऊन येत व्हता. पारावर चौघं बसल्याली, पाचवा दुकानाच्या फळीवर." तिने पाचही जणांची नावे सांगितली. पहिला शब्द कोण बोलला, याने काय उत्तर दिले, मग कोण उठला, कोणत्या हातात काय होते, कोणती बाई दारात उभी राहून बघत होती आणि कोणी दार लावून घेतले, सगळे क्रमाने. शिवी दिली ती जशीच्या तशी सांगितली. आम्ही ती इथे छापणार नाही, पण फिर्यादीत ती तशीच यायला हवी होती.

हे का महत्त्वाचे, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) खाली जातीवरून अपमान आणि जातीच्या नावाने शिवीगाळ हा गुन्हा होतो तो लोकांच्या नजरेसमोर घडला तर. स्वर्ण सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जागा खासगी असली तरी लोकांना दिसत असेल तर हे कलम लागते. हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली त्याच न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेले यात बसत नाही. म्हणजे 'पारावर चौघे बसले होते आणि एक बाई दारात उभी होती' हे एक वाक्य फिर्यादीत आहे की नाही, यावर खटला उभा राहतो किंवा आडवा होतो. पहिल्या फिर्यादीत ते राहिले आणि दोन वर्षांनी साक्षीत आले, की बचावाचा वकील उठतो आणि म्हणतो, हे ओमिशन आहे, साक्षीदार आता सुधारून सांगतोय. पोरगा पिंजऱ्यात गप्प उभा राहतो. आरोपी सुटतात आणि गावात मिरवणूक निघते.

२०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, या कायद्याच्या कलम ४ मध्ये पोलीस अधिकाऱ्यावर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची. पण वाचून दाखवलेले ऐकायचे, त्यातले चुकीचे वाक्य पकडायचे, 'साहेब, मी असे म्हणालो नव्हतो' असे म्हणायचे, हे ज्याला जमते त्यालाच त्या कलमाचा उपयोग. बाकीचे 'हो हो' म्हणतात आणि सही करतात. आमच्यातली काही वकील मंडळीही 'जातीवाचक शिवीगाळ केली' हे ठरावीक वाक्य सगळ्या फिर्यादींत डकवून मोकळी होतात. ज्याच्या अंगावर प्रसंग गुदरला त्याचे शब्द कागदावर येतच नाहीत.

आता मूळ प्रश्न. आजीची भाषा त्याच घरात होती. पोरगा तिच्याच मांडीवर वाढला. मग ती भाषा त्याच्यापर्यंत का पोहोचली नाही?

शाळेत ती अडवली गेली, हे आमचे उत्तर आहे. आपले लेकरू पहिलीत जाते तेव्हा ते बोलके असते. 'व्हतं', 'न्हाई', 'म्या', 'आमच्याकडं' असे बोलते. वर्गात कोणी तरी हसते. कधी पोरे हसतात, कधी खुद्द बाई हसतात. 'असे नाही बोलायचे, शुद्ध बोलायचे.' शुद्ध म्हणजे काय, तर पुण्याच्या पेठांत शतकापूर्वी जे बोलले जात होते ते. सहा वर्षांच्या जिवाला एवढेच कळते की आपल्या आईची बोली ही लाजायची गोष्ट आहे. दुसरी भाषा अजून आलेली नसते. मग ते गप्प बसते. गप्प बसले की 'शांत मुलगा', 'गुणी मुलगा' म्हणून पाठीवर थाप मिळते. आमच्या पोरांना गप्प बसण्याचे बक्षीस मिळत आले आहे आणि वीस वर्षांनी मुलाखतीच्या टेबलावर विचारले जाते, तुम्ही बोलत का नाही?

पुढच्या दहा वर्षांत या गप्प बसण्यावर परीक्षापद्धती शिक्का मारते. प्रश्न ठरलेले, उत्तरे अपेक्षितच्या पुस्तकात, निबंध पाठ. महाराष्ट्राच्या दहावीला भाषा विषयात बोलण्या-ऐकण्यासाठी म्हणून अंतर्गत २० गुण असतात. अख्ख्या शालेय आयुष्यात बोलण्याची म्हणून काही किंमत असेल तर ती एवढीच. ते गुण कसे दिले जातात हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेला हे गुण काढून टाकले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकाही त्या वर्षी नव्या होत्या, हे खरे. पण मग सरकारने काय केले? पोरांना बोलायला शिकवण्याची काही योजना आणली? छे! ओरड झाली आणि त्याच वर्षी २० गुण परत दिले. निकाल सुधारला. पोरे होती तिथेच राहिली.

शिक्षकांना सरसकट दोष देण्याचा मात्र आमचा इरादा नाही. या जिरायत भागात एसटीच्या वेळा सांभाळून, दोन-दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवणारे मास्तर आणि बाई आम्ही पाहिले आहेत. त्यांना तसे कोणी केले, हे विचारा. महाराष्ट्र सरकारने २००० साली शिक्षणसेवक नावाची योजना आणली. पूर्ण शिक्षकाचे काम आणि महिन्याला ३,००० रुपये मानधन. शिकवणाऱ्याची किंमत मजुरापेक्षा खाली आणून ठेवली. २०१२ साली शिक्षकभरतीच थांबवली. डी.एड. झालेली आपली शेकडो पोरे तेव्हापासून रिकामी फिरली, कोणी एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागले, कोणी रिक्षा घेतली. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे काम देऊ नये. प्रत्यक्षात मास्तरांच्या डोक्यावर सर्वेक्षणे, ऑनलाईन माहिती भरणे, खिचडीचे हिशेब आणि सेल्फीसकट अहवाल! मुलाला जवळ बसवून 'काल काय झाले रे, सांग' असे विचारायला वेळ कुठून आणणार?

आणि २०२३ साली सरकारने नवा घाट घातला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा 'समूह शाळा' या गोंडस नावाखाली एकत्र करण्याची तयारी. या शाळा कोणाच्या? वाडीवस्तीच्या, पालावरच्या, डोंगराकडेच्या. कोणाच्या म्हणजे आपल्याच. पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव प्रवेशांवर घाव घातला. जिथे एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिथल्या खासगी शाळांना त्या जागांतून सूट. म्हणजे एकीकडे सरकारी शाळेत शिक्षक द्यायचे नाहीत आणि दुसरीकडे तीच शाळा दाखवून चांगल्या शाळेचे दार लावायचे. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली, म्हणून निभावले. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या घामातून सारा गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो, हे त्यांनी इंग्रज सरकारला सुनावले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि मोडी-बाळबोध वाचन-लेखन शिकवा, ही त्यांची मागणी होती. सरकार बदलले. तक्रार तीच आहे.

इथे कोणी म्हणेल, मग आपले लोक पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घालतात ते काय चूक? मुळीच चूक नाही. ज्यांची स्वतःची नातवंडे परदेशात आहेत त्यांनी आम्हाला मातृभाषेचे गोडवे सांगू नयेत. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकले, देशाच्या घटनेच्या मसुद्यावर इंग्रजीत शब्दाशब्दाचा कीस पाडला. इंग्रजी आम्हाला हवीच. पण पत्र्याच्या शेडमध्ये निघालेल्या, नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या शाळेत इंग्रजी मिळते का, हे फी भरण्याआधी बघा. तिथे शिकवणाऱ्या मुलीचा पगार काय हे विचारा. पोरगा 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणायला शिकतो, पण पोटात का दुखते हे ना इंग्रजीत सांगू शकतो ना मराठीत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी गत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे. पहिली भाषा घट्ट बसली की तिच्या खांद्यावर दुसरी उभी राहते. पहिलीच कच्ची तर दुसरी कशावर उभी राहणार?

आणि हे 'कम्युनिकेशन स्किल' प्रकरण काय आहे तेही ओळखा. पूर्वी दारावर 'जात कोणती' विचारत. ते विचारणे कायद्याने बंद झाले. मग 'गुणवत्ता' आली. आता मुलाखतीत मार्क चांगले असूनही पोरगा परत येतो आणि कागदावर लिहिलेले असते, संभाषणकौशल्य कमी. उच्चार, लकब, कोट घालून बसण्याची सवय, कुठल्या घरात वाढला याची झाक, हे सगळे त्या एका शब्दाखाली मोजले जाते. त्यावर उपाय म्हणून शहरात व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास आहेत. हजारो रुपये घेऊन तिथे हसायला आणि हात हलवायला शिकवतात. ज्या समाजाला आधी गप्प केले, त्याला आता बोलणे विकत घ्यायला लावतात!

दोन वर्षांत मराठीच्या नावाने मोठा गजर झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, रान पेटले, २९ जूनला तो मागे घेतला गेला. सक्ती हटली हे चांगलेच झाले. पण या सगळ्या गदारोळात एकाही व्यासपीठावरून कोणी विचारले नाही की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरीला मराठी तरी वाचता येते का? भाषेचा अभिमान एकांचा, भाषेवाचून उपासमार दुसऱ्यांची.

सरकारचे आणि प्रस्थापितांचे एवढे सांगितल्यावर चळवळीकडे बोट दाखवले नाही तर हा तपास एकतर्फी ठरेल. कारण आपली चळवळ उभीच राहिली ती बोलण्यावर. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि धर्मसत्तेलाच प्रश्न विचारले. तीन वर्षांची शाळा, आणि आजच्या पंधरा वर्षांच्या शिक्षणाला जमत नाही ते तिने केले. कारण तिच्या शिक्षकांना तिचे म्हणणे ऐकायचे होते. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या पत्राचे नाव बाबासाहेबांनी 'मूकनायक' ठेवले, यात सगळे आले. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकहाती मराठीत लिहिले. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशी ती पत्रे चाळीचाळींत, महारवाड्यामहारवाड्यांत पोहोचली. भीमराव कर्डकांनी जलसे काढले, वामनदादांनी गावोगाव गाणी नेली. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे आणि बाबासाहेब स्वतः तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर बोलले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले. कोण हा मिलिंद? भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. आपल्या कॉलेजच्या पाटीवर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, हे तिथे शिकलेल्या किती जणांच्या ध्यानात असेल कोण जाणे.

आणि इतके लांब कशाला जायचे? बेबीताई कांबळे आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या. लग्न होऊन नीरेपलीकडे फलटणला गेल्या. छोटेसे दुकान चालवले. पुड्या बांधायला आलेली रद्दी आधी वाचायची आणि मग माल बांधायचा. घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या, आणि त्यातून 'जिणं आमुचं' उभे राहिले. आजीच्या बोलीला लाजण्याऐवजी त्यांनी तीच छापली. (अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले आणि एवढे लिहिले, मग शाळा कशाला हवी, असे म्हणणारे महाभाग आपल्यातही भेटतात. शाळेने अण्णाभाऊंना नाकारले, ही त्यातली मूळ गोष्ट ते सोयीस्कर विसरतात.)

आज काय चित्र आहे? विहार बांधून झाले, फरशी बसली, कुलूप लागले. १४ एप्रिलला उघडते, ६ डिसेंबरला उघडते. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला आठवत नाही. जयंतीची वर्गणी निघते, तिचा मोठा भाग डीजेवर जातो. ज्या रात्री गावाने पोरांचे भाषण ऐकायचे, त्या रात्री एवढा आवाज असतो की शेजारचा माणूस बोललेले ऐकू येत नाही. सभा झालीच तर व्यासपीठावर तेच पाच पुढारी. तरुणांना काम काय? सतरंज्या टाका, फ्लेक्स बांधा, घोषणा द्या. घोषणा एकाने सांगायची आणि बाकीच्यांनी पुरी करायची असते, तिथे स्वतःचे वाक्य लागत नाही. मोबाईलवर दिवसभर आलेले मजकूर पुढे ढकलायचे, खाली निळा झेंडा लावायचा. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली वाक्ये बाबासाहेबांची आहेत का, हे विचारणारा एखादा निघाला तर त्याला समाजद्रोही ठरवायचे. पुढाऱ्यांना असे अनुयायी परवडतात. बोलता येणारा पोरगा उद्या हिशेब विचारेल ना!

बुद्धाच्या काळची एक गोष्ट विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भाऊ भिक्खू झाले. त्यांना खटकले की नाना जातींचे, नाना प्रदेशांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगतात आणि ते 'बिघडवतात'. त्यांनी विनंती केली, हे छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधू या. तथागतांनी त्यांना फटकारले आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत शिकावे, अशी अनुज्ञा दिली. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, ती गप्प बसून पाळता येत नाही.

हे सारे जमण्यासारखे आहे का? दूरच्या देशातले एक उदाहरण देतो. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. वरिष्ठांची मर्जी गेलेल्या लोरेन्झो मिलानी या पाद्र्याला १९५४ साली तिथे धाडले गेले. सरकारी शाळेने नापास करून काढलेली शेतकऱ्यांची पोरे त्याने गोळा केली. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, अडलेल्या शब्दावर थांबायचे, त्यावर बोलायचे. यातल्या आठ पोरांनी मिळून नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिले. प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहायचे, मग एकत्र बसून लावायचे, फाजील शब्द काढायचे. शाळा गरिबांच्या पोरांना कशी गाळते, याचे आकडे त्यांनी स्वतः मांडले. १९६७ साली ते पुस्तक म्हणून निघाले आणि जगभर गेले. तिथे ना इमारत होती ना अनुदान. एक वर्तमानपत्र, एक टेबल आणि ऐकणारा एक माणूस.

आपल्याकडे तर वर्षावास आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचणारे ठरलेले दोन-तीन ज्येष्ठ, ऐकणाऱ्या बहुतेक उपासिका, तरुण बाहेर कट्ट्यावर. या पट्ट्यातल्या विहारांना आमची सूचना आहे की यंदा पोथी तरुणांच्या हाती द्या. एक पान वाचायचे, मग पुस्तक मिटून तेच आपल्या बोलीत सांगायचे. 'व्हतं' म्हटले तर म्हणू द्या, हसणाऱ्याला मात्र बाहेर काढा. आणि आजीला पुढे बसवा. पोराचे सांगणे कुठे घसरले, कोण सुटले, कोणती गोष्ट आधी घडली, हे ती बरोबर पकडते.

दुसरी गोष्ट शाळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खाली जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीनचतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायला कायदा सांगतो. आपल्या अनेक भगिनी या समित्यांवर आहेत. बैठकीचा निरोप येतो, चहा होतो, इतिवृत्ताची वही पुढे येते, बोट ठेवले तिथे सही होते. पूर्वी अंगठा होता, आता सही आहे, एवढाच काय तो फरक. शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती, गेल्या महिन्यात किती दिवस ते दुसऱ्या कामावर गेले, आणि पाचवीतली किती मुले दुसरीचे पुस्तक वाचतात, हे चार प्रश्न त्या वहीत लिहून घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पुढच्या बैठकीत सही करण्याआधी त्यांनी म्हणावे, सर, हे लिहिलेले आधी मोठ्याने वाचून दाखवा. आणि सरांनी स्वतः वाचू नये, वही सातवीतल्या एखाद्या पोरीच्या हातात द्यावी.